एकाच आयपीसीवरचे दोन प्रोग्राम रिअल-टाइम इथरनेटवर एकमेकांना ऐकू येत नाहीत: घरातल्या घरात डेटा कसा द्यायचा?

दांडियाबझारकर

मंडळी, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका मशीनसाठी सल्ला हवा आहे. ट्रान्सफॉर्मरची कॉइल गुंडाळायचं मशीन आहे. मांडणी अशी:

चार कोअरचा आयपीसी (औद्योगिक संगणक), डेबियन लिनक्स, प्रीएम्प्ट-आरटी (वेळ काटेकोर पाळणारा) कर्नल. पहिल्या पोर्टवर इथरकॅट (मोटरी आणि सेन्सर जोडणारं रिअल-टाइम इथरनेट), ते चालवणारा आयजीएच मास्टर, सायकल १ मिलिसेकंद, ४ सर्वो मोटरी आणि इनपुट-आउटपुट जोडणारा एक आयओ कपलर. दुसऱ्या पोर्टवर साधा स्विच, त्याच्या पलीकडे इन्सुलेशन पेपर कापणारं मशीन. या दोघांत कच्च्या इथरनेट फ्रेम जातात: मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) मॅक पत्ता, इथरटाइप (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा) हेक्स ८८बी५, दर २ मिलिसेकंदांनी एक फ्रेम.

आयपीसीवर तीन प्रोग्राम आहेत: कंट्रोल (मशीन चालवणारा), एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) आणि लॉगर (नोंदी ठेवणारा). कंट्रोलची फ्रेम शेजारच्या मशीनला व्यवस्थित मिळते. पण त्याच आयपीसीवरच्या एचएमआयने त्याच इथरटाइपवर सॉकेट उघडलं तर एकही फ्रेम येत नाही. टीसीपीडंप (पोर्टवरच्या फ्रेम दाखवणारं साधन) लावला की फ्रेम जाताना स्पष्ट दिसते.

मग १२७.०.०.१ वर (लूपबॅक, म्हणजे यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता) यूडीपी पॅकेटं पाठवून पाहिली. डेटा मिळतो, पण लॉगर कामात असला की कंट्रोलची सायकल अधूनमधून उशिरा सुटते. योग्य रस्ता कोणता?

रावपुरेकर

पहिला प्रश्न आधी सोडवू, कारण इथे बरेच जण सॉकेटच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतात आणि चूक तिथे नसतेच.

स्विच फ्रेम ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टवर परत पाठवत नाही, मल्टिकास्ट असली तरी. म्हणजे बाहेरून ती तुमच्या आयपीसीकडे परत येण्याचा मार्गच नाही. राहिला आतला मार्ग. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या फ्रेमची नक्कल फक्त 'सगळे प्रोटोकॉल' मागणाऱ्या पॅकेट सॉकेटला मिळते. टीसीपीडंप तेच मागतो, म्हणून त्याला दिसते. ठरावीक इथरटाइपवर बांधलेल्या सॉकेटला फक्त आत आलेल्या फ्रेम मिळतात. तुमचा एचएमआय दुसऱ्या प्रकारात बसतो.

आता लगेच एचएमआयलाही 'सगळे प्रोटोकॉल' लावू नका. ती नक्कल पाठवणाऱ्याच्या वाटेवरच तयार होते, म्हणजे खर्च कंट्रोलच्या माथी. शिवाय त्या पोर्टवरचं सगळं येणंजाणं एचएमआयला चाळावं लागेल. याच कारणाने चालू मशीनवर टीसीपीडंप तासन् तास लावून ठेवू नये. मोजायला गेलो आणि मोजमापानेच सायकल बिघडली, असं होतं.

मांजलपूर_४१

कच्च्या फ्रेमचा हट्ट नसेल तर यूडीपी मल्टिकास्ट घ्या. तिथे पाठवणाऱ्याच्या सॉकेटवर मल्टिकास्ट-लूप हा पर्याय लिनक्समध्ये मुळातच चालू असतो आणि त्याच यंत्रावरच्या ग्रुपच्या सभासदांना प्रत मिळते. तीन गोष्टी सांभाळा:

एक, एकाच पोर्ट क्रमांकावर दोन प्रोग्राम ऐकणार असतील तर दोघांनीही बाइंडच्या (सॉकेटला पत्ता आणि पोर्ट क्रमांक देण्याच्या) आधी रीयूज-अ‍ॅड्रेस लावायचा. एकानेच लावला तर दुसऱ्याला 'पत्ता वापरात आहे' अशी चूक येते.

दोन, बाइंड शून्य पत्त्यावर केलं तर त्याच यंत्रावर दुसऱ्या कुणी जोडलेल्या ग्रुपचाही डेटा तुमच्या सॉकेटमध्ये येतो, पोर्ट क्रमांक जुळला की झालं. बाइंड थेट ग्रुपच्या पत्त्यावर करा, नाहीतर मल्टिकास्ट-ऑल शून्य करा.

तीन, दोन पोर्ट असलेल्या आयपीसीवर पाठवण्याचा इंटरफेस स्वतः सांगा. राउटिंगच्या भरवशावर ठेवलंत तर कधी ऑफिसच्या नेटवर्कवर जाईल.

विंडोजवरून कोड आणत असाल तर ध्यानात ठेवा, तिथे लूपचा पर्याय ऐकणाऱ्याच्या बाजूला लागतो.

रावपुरेकर

मांजलपूरभाऊ, सगळं बरोबर, पण यात एक मोठा खड्डा आहे. दुसऱ्या पोर्टची केबल काढून बघा. नेटवर्क-मॅनेजर लिंक गेली की काही सेकंदांनी इंटरफेसचा पत्ता काढून घेतो. मग पाठवताना 'नेटवर्कपर्यंत पोचता येत नाही' ही चूक, आणि त्याच डब्यातला एचएमआयही आंधळा. शेजारच्या मशीनची केबल निघाली म्हणून आपल्याच मशीनच्या पडद्यावरचे आकडे गोठले, हे ऑपरेटरला कोणत्या तोंडाने सांगायचं? नेटवर्क-मॅनेजरमध्ये इग्नोर-कॅरिअर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडीमध्ये इग्नोर-कॅरिअर-लॉस लावून हे टळतं, पण ती सेटिंग पुढच्या आयपीसीवर कुणीतरी विसरणारच. घरातल्या घरात बोलायला बाहेरच्या तारेवर अवलंबून राहायचंच कशाला?

वारसिया_रिले

दांडियाबझारकर, तुमच्या दुसऱ्या दुखण्याकडे येतो: लूपबॅकवर सायकल का घसरते.

कंट्रोल जेव्हा लूपबॅकवर पाठवतो तेव्हा तो फक्त 'पाठवून मोकळा' होत नाही. पॅकेट त्याच कोअरच्या बॅकलॉग रांगेत पडतं, सॉफ्टआयआरक्यू (कर्नलचं मागे ठेवलेलं नेटवर्कचं काम) उठतो, आणि प्रीएम्प्ट-आरटीवर तो बहुतेक वेळा उठवणाऱ्याच्याच थ्रेडमध्ये चालतो. म्हणजे पाठवणं, आयपी-यूडीपीचं घेणं, एचएमआयच्या सॉकेटमध्ये टाकणं आणि त्याला जागं करणं, सगळं तुमचा आरटी थ्रेड करतो. त्याच कोअरवर दुसऱ्या कुणाचं सॉफ्टआयआरक्यूचं काम थकलेलं असेल तर तेही त्याच्या गळ्यात पडू शकतं. वर, आजवरच्या बहुतेक आरटी कर्नलमध्ये सॉफ्टआयआरक्यू बंद ठेवणाऱ्या भागाला प्रत्येक कोअरमागे एक कुलूप असतं. लॉगर त्याच कोअरवर नेटवर्कच्या मधल्या कामात असेल तर ९० प्रायॉरिटीचा कंट्रोलही त्याचं आटपेपर्यंत थांबतो. लॉगरला वेगळ्या कोअरवर हलवलंत तर त्रास कमी होईल, संपणार नाही.

आणि याहून मूळ मुद्दा असा की सॉकेट ही रांग आहे. तुम्हाला एचएमआयवर टेन्शन, गुंडाळ्यांची संख्या, स्पिंडलचा वेग दाखवायचा आहे, म्हणजे ताजी किंमत हवी आहे. रांगेत जुनी आधी येते. सॉकेटचा ठरलेला घेण्याचा बफर २,१२,९९२ बाइटचा असतो आणि लहान पॅकेटसाठीही कर्नल स्वतःच्या हिशोबाची जागा त्यातच धरतो. त्यामुळे काही शे पॅकेटांत तो भरतो, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या सायकलला अर्ध्या सेकंदाच्या आत. पडदा बदलताना एचएमआय तेवढा अडकला की पुढचं सगळं गुपचूप गळतं, आणि जागा झाल्यावर तो शिळं वाचत बसतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. दोन्ही पोर्टांचा मालक एकच प्रोग्राम, म्हणजे कंट्रोल. बाकीच्यांनी शेअर्ड मेमरीतून (सगळ्या प्रोग्रामना दिसणाऱ्या सामायिक मेमरीतून) घ्यायचं आणि द्यायचं. बाहेरून आलेल्या फ्रेममधला डेटाही कंट्रोलनेच तिथे मांडायचा.

दांडियाबझारकर

पटतंय काका. शेअर्ड मेमरीला म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावू का? प्रायॉरिटी-इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी देणं) चालू करून?

एक उपप्रश्न: एचएमआयने थेट आयजीएच मास्टर मागितला तर? इनपुट तिथूनच वाचता येतील.

मंजुसर_टेस्टबेंच

उपप्रश्नाचं मी सांगते. आयजीएचमध्ये मास्टर एका वेळी एकाच अ‍ॅप्लिकेशनचा. दुसऱ्याने मागितला की 'साधन व्यस्त' म्हणून परत येतं, आणि ते योग्यच आहे. 'इथरकॅट स्लेव्ह्ज', 'इथरकॅट डोमेन्स' या आज्ञा बाजूने चालतात, त्या तपासणीसाठी.

सोएम (दुसरा एक इथरकॅट मास्टर) वापरणाऱ्यांसाठी जास्त काळजीचं: तिथे कच्चं सॉकेट असतं, त्यामुळे दुसरा प्रोग्राम त्याच पोर्टवर इथरकॅटचा ८८ए४ इथरटाइप उघडून बसतो आणि कुणी अडवत नाही. मग दोन्ही प्रोग्राम एकमेकांच्या परत आलेल्या फ्रेम घेतात, वर्किंग काउंटर (स्लेव्हनी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी, किती काम केलं ते मोजणारा) जुळत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. एलआरडब्ल्यू (एकत्र वाचण्या-लिहिण्याच्या) आज्ञेत स्लेव्हने वाचणं जमवलं तर काउंटर १ ने वाढतो, लिहिणं जमवलं तर २ ने, दोन्ही मिळून ३. चार सर्वो असतील तर १२ अपेक्षित. १२, ०, १२, ९ असं नाचायला लागलं तर आधी बघा, दुसरा मास्टर चालू राहिला आहे का.

वारसिया_रिले

म्युटेक्सबद्दल. चालेल, पण अटी मोठ्या आहेत. प्रोसेस-शेअर्ड हवा, प्रायॉरिटी-इनहेरिट हवा, आणि रोबस्ट हवा. रोबस्ट नसेल आणि एचएमआय कुलूप हातात असताना मेला, तर कंट्रोल जन्मभर दाराशी उभा. रोबस्ट असला तर कुलूप घेताना 'मालक मेला' असा कोड मिळतो, मग डेटा तपासून कुलूप पुन्हा 'सुसंगत' म्हणून जाहीर करावं लागतं. इनहेरिटन्स असूनही एचएमआयने कुलूप धरून जितकं काम केलं तितका वेळ कंट्रोल थांबणार. तिथे कुणी चुकून फाइल लिहिली तर संपलं.

मी दिशेप्रमाणे दोन वेगळे उपाय करतो.

कंट्रोलकडून बाहेर: सीक्वेन्स काउंटर (लिखाण चालू असताना विषम, पूर्ण झालं की सम असणारा आकडा). लिहिणारा एक, वाचणारे कितीही. ब्लॉक असा मांडा:

पहिले ६४ बाइट डोकं: ४ बाइट ओळखखूण, २ बाइट आवृत्ती, २ बाइट पुढच्या डेटाची लांबी, ४ बाइट सीक्वेन्स, ४ बाइट मोकळे, ८ बाइट सायकल क्रमांक, ८ बाइट वेळ नॅनोसेकंदांत, उरलेले ३२ राखीव. ६४ मुद्दाम, कारण एक कॅश-लाइन तेवढी असते. डेटा त्यानंतर.

लिहिताना सीक्वेन्स १ ने वाढवून विषम करा, रिलीज फेन्स (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम उलटू न देणारी आज्ञा), वेळ आणि डेटा उतरवा, मग रिलीजने पुन्हा १ वाढवून सम. वाचणारा अ‍ॅक्वायरने सीक्वेन्स घेतो, विषम असेल तर पुन्हा, सम असेल तर नक्कल करतो, अ‍ॅक्वायर फेन्स, आणि सीक्वेन्स तोच आहे का बघतो. बदलला असेल तर नक्कल टाकून पुन्हा. हे फेन्स गाळले तर एक्स८६ वर बहुतेक वेळा चालून जातं, आणि तोच कोड एआरएमवर नेला की वडाची साल पिंपळाला: सर्वो १ ची जागा या सायकलची, सर्वो २ ची मागच्या.

बाहेरून कंट्रोलकडे: इथे सीक्वेन्स काउंटर लावू नका. लिहिणारा एचएमआय हलक्या प्रायॉरिटीचा, वाचणारा कंट्रोल भारी. एचएमआय विषम आकड्यावर असताना कंट्रोलने त्याच कोअरवर त्याला बाजूला सारलं तर कंट्रोल 'पुन्हा बघू' म्हणत फिरत राहतो, आणि एचएमआयला सम करायला कोअरच मिळत नाही. कायमची गाठ.

इथे तीन खणांचा बफर. एक लिहिणाऱ्याचा, एक मधला, एक वाचणाऱ्याचा. मधल्याचा क्रमांक आणि 'नवं आहे' हा बिट एकाच अ‍ॅटॉमिक (एका झटक्यात बदलणाऱ्या, कधी अर्धवट न दिसणाऱ्या) बाइटमध्ये. एचएमआय स्वतःच्या खणात सावकाश लिहितो, मग अ‍ॅटॉमिक अदलाबदलीने आपला खण मधे ठेवतो आणि मधला घेतो. कंट्रोल दर सायकलला 'नवं' बिट बघतो, असेल तर एक अदलाबदल, नसेल तर हातातला खणच वापरतो. कुणीच कुणासाठी थांबत नाही. अट एकच, लिहिणारा एक आणि वाचणारा एक.

एचएमआय मरून पुन्हा उठला तर तो 'माझा खण शून्य' असं धरून चालतो आणि नेमका कंट्रोल वाचत असलेला खण खरडतो. यासाठी कंट्रोलने आपला खण क्रमांक मेमरीत लिहून ठेवायचा. एचएमआयने उठल्यावर मधला आणि कंट्रोलचा वाचायचा: ०, १, २ ची बेरीज ३, त्यातून दोन्ही वजा केले की उरला तो आपला. दोन्ही सारखे दिसले तर कंट्रोल नेमका अदलाबदलीच्या मधे आहे, पुन्हा वाचा.

मांजलपूर_४१

वरच्यात भर. ब्लॉकमध्ये लाँग आणि पॉइंटर अजिबात नको, ठरावीक रुंदीचेच प्रकार घ्या. जुना एचएमआय ३२ बिटचा आणि कंट्रोल ६४ बिटचा असेल तर इंटेलवर जीसीसी कंपायलर ३२ बिटात स्ट्रक्चरमधला डबल (८ बाइटची दशांश संख्या) ४ बाइटच्या सीमेवर ठेवतो, ६४ बिटात ८ च्या. ओळखखूण जुळते, पहिले आकडे बरोबर, मधूनच पुढे सगळं सरकलेलं. दोन्हीकडे कंपाइल होतानाच लांबी आणि प्रत्येक रकान्याची जागा तपासणारं अ‍ॅसर्ट टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

मंजुसर_टेस्टबेंच

मेमरी उघडण्याच्या क्रमात लोक जास्त अडकतात, म्हणून तो नीट लिहिते.

कंट्रोल: एसएचएम-ओपनने फाइल, एफट्रंकेटने लांबी, एममॅप शेअर्डने ती मेमरीत, सगळी पानं एकदा शून्याने भरून स्पर्श करायची, डोकं भरायचं, आणि ओळखखूण सगळ्यात शेवटी. एचएमआयने उघडल्यावर आधी फाइलची लांबी बघायची. कंट्रोलने उघडली पण लांबी अजून दिली नाही, अशा क्षणी एचएमआयने मॅप करून हात लावला तर सिगबस (नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा इशारा) मिळून तो पडतो. लांबी बरोबर, ओळखखूण बरोबर, आवृत्ती बरोबर, मगच पुढे. नाहीतर १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा.

एमलॉकऑल (प्रोग्रामची पानं रॅममध्येच पक्की धरणं) 'आत्ताचं आणि पुढचं' या दोन्ही झेंड्यांनी, आरटी थ्रेड सुरू होण्याआधी. सर्व्हिस फाइलमध्ये लिमिट-मेमलॉक इन्फिनिटी आणि लिमिट-आरटीप्रायो ९९ नसेल तर साध्या युजरखाली एमलॉकऑल नापास होतो, आणि परतीचा कोड न तपासणाऱ्याला ते कळतही नाही.

ब्लॉकची फाइल /डेव्ह/एसएचएममध्येच हवी, ती रॅममध्ये असते. 'डेटा टिकावा' म्हणून कुणी साध्या डिस्कवरच्या फाइलला मॅप करतं. मग कर्नल ती पानं डिस्कवर उतरवायला घेतो, त्यानंतरच्या पहिल्या लिखाणाला पेज-फॉल्ट (कर्नलकडून मधेच खोळंबा) बसतो, आणि तो थेट आरटी थ्रेडला बसतो. टिकवायचं असेल ते लॉगरने वाचून लिहावं.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. सिस्टमडी-लॉगइनडीमध्ये (लिनक्सची लॉगइन सांभाळणारी सेवा) रिमूव्ह-आयपीसी हा पर्याय असतो (इथे आयपीसी म्हणजे प्रोग्रामांमधली देवाणघेवाण, औद्योगिक संगणक नव्हे). तो चालू असेल आणि कंट्रोल साध्या युजरखाली चालत असेल, तर त्या युजरचं शेवटचं लॉगइन बंद झालं की त्याच्या /डेव्ह/एसएचएममधल्या फाइली पुसल्या जातात. कंट्रोलकडे जुना मॅप शाबूत, त्यामुळे तो मजेत लिहीत राहतो. एचएमआय पुन्हा उघडला की त्याला फाइल सापडत नाही, किंवा कोड चुकीचा असेल तर तो नवी तयार करतो. दोघं दोन वेगळ्या खोल्यांत बसून बोलताहेत. लक्षण असं: एसएसएचने (दुरून लॉगइन करून) जोडलेलं असताना सगळं छान, तुम्ही बाहेर पडलात की थोड्या वेळात बिघाड. उपाय: सिस्टम युजरखाली चालवा किंवा तो पर्याय 'नो' करा. आणि एचएमआयने ब्लॉक कधीही स्वतः तयार करायचा नाही, फक्त उघडायचा.

दांडियाबझारकर

ताई, हे एसएसएचचं लक्षण आमच्या टेस्ट बेंचवर हुबेहूब दिसलं होतं. आम्ही स्विच बदलला होता.

एचएमआय आणि लॉगर पुढे डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारी व्यवस्था) जाणार आहेत. तिथे काय बदलतं?

रावपुरेकर

डॉकरमध्ये प्रत्येक कंटेनरला स्वतःचा /डेव्ह/एसएचएम मिळतो, न सांगितल्यास ६४ मेगाबाइटचा. नाव तेच, मेमरी वेगळी. आयपीसी 'होस्ट' द्या, किंवा एका कंटेनरला 'शेअरेबल' करून दुसऱ्याला त्याचं नाव द्या. डीडीएस (प्रोग्रामांमध्ये डेटा वाटणारी पद्धत) वापरणाऱ्यांनी हे जास्त जपावं. फास्ट-डीडीएस एकाच यंत्रावरचा जोडीदार दिसला की शेअर्ड मेमरी निवडतो. नेटवर्क होस्टचं पण आयपीसी वेगळी असली की एकमेकांची ओळख पटते, डेटा मात्र येत नाही. क्रॅशनंतर तिथे उरलेल्या फाइली 'फास्टडीडीएस एसएचएम क्लीन' या आज्ञेने साफ होतात.

नेटवर्कने बोलायचंच असेल तर मॅकव्हीलॅनचा (एकाच पोर्टवर प्रत्येक कंटेनरला वेगळा मॅक पत्ता देण्याचा) चकवा: ब्रिज प्रकारात एकाच पोर्टवरचे कंटेनर आपसात बोलतात, पण होस्ट (मूळ यंत्र) स्वतः आपल्या पोर्टवरून त्यांच्याशी बोलू शकत नाही. कंट्रोल होस्टवर आणि एचएमआय मॅकव्हीलॅनमध्ये, म्हणजे पुन्हा तुमच्या पहिल्या प्रश्नापाशी.

वारसिया_रिले

आता डेटाच्या वयाबद्दल, कारण मेमरी बिचारी काहीच सांगत नाही. सॉकेटवर पाठवणारा मेला तर निदान काही येत नाही. शेअर्ड मेमरीत शेवटचा आकडा तसाच चमकत राहतो. टेन्शन ४२ न्यूटन दिसतंय, मशीन मात्र कधीचं थांबलेलं.

प्रोफिनेटमध्ये (आणखी एक रिअल-टाइम इथरनेट) ठरलेला वॉचडॉग (डेटा थांबला की दखल घेणारा टायमर) ३ अपडेट-सायकलचा असतो, इथरकॅट स्लेव्हचा सिंक-मॅनेजर वॉचडॉग १०० मिलिसेकंदांचा. तोच विचार घरात आणा. एचएमआयने सायकल क्रमांक बघायचा, ३०० मिलिसेकंद पुढे सरकला नाही तर सगळे आकडे राखाडी करून रेघा दाखवायच्या. उलट दिशेने एचएमआयनेही ठोका द्यायचा. जॉगचं (दाबलं तेवढाच वेळ मशीन फिरवणारं) बटण दाबलेलं असताना ठोका २०० मिलिसेकंद थांबला तर कंट्रोलने जॉग सोडायचा. हा आकडा स्पिंडलच्या जडत्वाप्रमाणे ठरवा, पण ठरवाच. इमर्जन्सी स्टॉप यातून कधीही न्यायचा नाही, तो हार्डवायर किंवा एफएसओई (इथरकॅटवरचा सुरक्षा प्रोटोकॉल).

मांजलपूर_४१

वेळेबद्दल एक. स्थानिक वय मोजायला क्लॉक-मोनोटॉनिक. तो एकाच यंत्रावरच्या सगळ्या प्रोसेसना सारखा असतो आणि घड्याळ दुरुस्त केलं तरी मागे उडी घेत नाही. पण शेजारच्या मशीनशी तुलना करायची असेल तर पीटीपीची (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीची) वेळ लागते. तिथे क्लॉक-टीएआय (लीप सेकंद नसलेली अणुवेळ) वापरताना बघा: कर्नलला टीएआयचा फरक कुणी सांगितलाच नसेल तर तो शून्य असतो, आणि टीएआय म्हणून यूटीसीच हाती येते. फरक ३७ सेकंदांचा. ईटीएफ (ठरल्या वेळी पॅकेट सोडणाऱ्या) रांगेत पाठवण्याची वेळ अशी चुकली की पॅकेटं कुठे गेली ते कळत नाही. पीटीपी४एल आणि पीएचसी२एसवायएस लावल्यावर टीएआय आणि यूटीसी ही दोन्ही क्लॉक वाचून वजाबाकी करा, ३७ आलेच पाहिजेत.

आणि टीएसएनवर (वेळेची हमी देणाऱ्या इथरनेटवर) मल्टिकास्ट करणाऱ्यांसाठी: लूपची स्थानिक प्रत टॅप्रिओच्या (वेळापत्रकाने पॅकेट सोडणाऱ्या रांगेच्या) गेटमध्ये थांबत नाही, ती आधीच वळते. त्यामुळे घरच्या प्रोग्रामला डेटा शेजाऱ्याच्या आधी मिळतो. दोघांनी एकाच क्षणी काही करायचं असेल, तुमच्याकडे समजा कापणी आणि स्पिंडलचा वेग कमी करणं, तर 'मिळालं की करा' नको. फ्रेममध्ये 'अमुक वेळेला लागू' लिहा आणि दोघांनीही त्याच वेळेला लागू करा.

दांडियाबझारकर

फ्रेममध्ये लागू होण्याची वेळ टाकतो. सध्या कापणारं मशीन 'मिळालं की करा' वरच आहे, आणि पेपरची लांबी थोडी हलते.

कोअरची वाटणी अशी धरली आहे: ३ क्रमांकाचा कोअर आयसोल-सीपीयूने (बाकी कामांपासून वेगळा काढून) कंट्रोलला, बाकी सगळं ० ते २. कंट्रोलने मेमरी सतत फिरत्या लूपमध्ये बघितली तर?

वारसिया_रिले

फिरती लूप नको. फिफो प्रायॉरिटीच्या थ्रेडला कर्नल, वेगळं न सांगितल्यास, १ सेकंदातले ९,५०,००० मायक्रोसेकंदच देतो. सतत फिरलात तर दर सेकंदाला ५० मिलिसेकंदांची खिंड पडू शकते, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या ५० सायकली गेल्या. क्लॉक-नॅनोस्लीप, ठरलेल्या पूर्ण वेळेपर्यंत, आणि पुढची वेळ मागच्यात १०,००,००० नॅनोसेकंद मिळवून. 'आत्ता अधिक १ मिलिसेकंद' असं केलं तर उशीर साठत जातो.

सायकलचा क्रम: उठणं, मास्टर-रिसीव्ह, डोमेन-प्रोसेस, एचएमआयचा तीन खणी बफर बघणं, हिशोब, डोमेन-क्यू, मास्टर-सेंड, आणि त्यानंतर बाहेरच्या ब्लॉकमध्ये लिहिणं. पाठवणं आधी, म्हणजे लिहिण्यात कमीजास्त झालं तरी सर्वोला जाणाऱ्या फ्रेमची वेळ हलत नाही.

३ क्रमांकाच्या कोअरवर इथरकॅट पोर्टचा इंटरप्ट ठेवा, बाकीचे काढा, आयआरक्यू-बॅलन्स (इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारी सेवा) बंद. ईथटूलने ऊर्जाबचत ईईई बंद आणि आरएक्स-युसेक्स ० (फ्रेम आल्याचा इंटरप्ट रोखून न धरणं). आयजीएचचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर तो पोलिंगवर चालतो, तिथे इंटरप्टचा प्रश्नच नाही.

मंजुसर_टेस्टबेंच

सुपूर्द करण्याआधी एवढं करून बघा. सायक्लिकटेस्ट (थ्रेड किती उशिरा उठतो ते मोजणारा प्रोग्राम) १ मिलिसेकंदाच्या अंतराने, हिस्टोग्रामसकट, निदान रात्रभर, आणि सोबत लॉगरला डिस्कवर भरपूर लिहायला लावून. सरासरीकडे बघू नका, कमाल बघा. दुसरी फेरी दुपारी, पॅनेलचं दार लावून. बडोद्याच्या मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर असतं, बिनपंख्याचा आयपीसी पॅनेलमध्ये तापला की प्रोसेसर वेग उतरवतो आणि थंडीत पास झालेला आकडा हातचा जातो.

मग: दुसऱ्या पोर्टची केबल काढा, पडदा चालूच राहायला हवा. एचएमआयला किल ९ (प्रोग्राम जबरदस्तीने मारणं) द्या, ऐन बटण दाबलेलं असताना. कंट्रोलला किल ९ द्या, पडदा राखाडी व्हायला हवा आणि ड्राइव्ह वॉचडॉगवर थांबायला हवेत. तिन्ही प्रोग्राम उलट्या क्रमाने सुरू करा. एसएसएचमधून बाहेर पडून अर्धा तास थांबा.

दांडियाबझारकर

शेवटचा प्रश्न. अलार्म आणि तार तुटल्याच्या घटना लॉगरला एकही न गळता हव्यात. सीक्वेन्स ब्लॉकमध्ये मधल्या सायकली लॉगरच्या हातून सुटतील ना?

वारसिया_रिले

सुटतील. घटनांना त्याच फाइलमध्ये वेगळी गोल रांग द्या, लिहिणारा कंट्रोल, वाचणारा लॉगर. खण १०२४, म्हणजे दोनाच्या घातात, क्रमांकाला मास्क लावला की झालं. रांगेचं डोकं (पुढचं लिहिण्याची जागा) आणि शेपूट (पुढचं वाचण्याची जागा) वेगवेगळ्या ६४ बाइटच्या ओळीत ठेवा, नाहीतर दोन कोअर एकाच कॅश-लाइनसाठी ओढाताण करतात. कंट्रोल आधी खण भरतो, मग रिलीजने डोकं पुढे. लॉगर अ‍ॅक्वायरने डोकं वाचतो, खण उचलतो, मग रिलीजने शेपूट पुढे.

रांग भरली तर कंट्रोलने थांबायचं नाही. ती घटना टाकून द्यायची आणि 'गळालेल्या' काउंटरमध्ये १ मिळवायचा. लॉगरने तो काउंटर दर वेळी बघून फाइलमध्ये स्पष्ट लिहायचं, 'इथे इतक्या नोंदी गेल्या'. स्टार्ट-रीसेटसारख्या आज्ञाही उलट दिशेने अशाच रांगेतून आणा, तीन खणी बफरमधून नको. तिथे दोन लिखाणांमधली पहिली आज्ञा कंट्रोलला न दिसताच पुसली जाऊ शकते. आज्ञेला क्रमांक द्या, कंट्रोलने शेवटचा पाळलेला क्रमांक बाहेरच्या ब्लॉकमध्ये परत दाखवावा, आणि एचएमआयने तो जुळेपर्यंत बटणाचा रंग बदलू नये.

दांडियाबझारकर

ब्लॉकच्या डोक्यातल्या ३२ राखीव बाइटपैकी ४ 'गळालेल्या' काउंटरला, ४ पाळलेल्या आज्ञेच्या क्रमांकाला देतो. आवृत्ती २ करून दोन्ही बाजूंची अ‍ॅसर्ट बदलली. आज रात्री लॉगरच्या भारासकट सायक्लिकटेस्ट लावतो, दुपारची फेरी उद्या दार लावून.